तंबू टाकीतली हाडवैदीण

औशात ज्यांना कस्तुराबाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना तिच्या हातून हाड बसवून घेणं मात्र चालत होतं. हात मोडला की भली भली घरं आमच्या गल्लीत यायची आणि तिला 'मावशी' म्हणायची. महिन्याभरानं पट्टी सुटली की तीच माणसं बाजारात तिला 'कस्तुरा' म्हणून हाक मारायची. ती दोन्ही हाकांना सारखीच ओ द्यायची.

मी तेव्हा औशाच्या पोस्टात टपाल वेगळं करायच्या कामावर होतो आणि तिच्या शेजारी राहायचो. तिचा बाप पंढरी जनावरांची आणि माणसांची हाडं बसवायचा. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यानं गावकीची सगळी कामं सोडून दिली, एवढी विद्या ठेवली आणि मुलीला दिली. कस्तुराबाई पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. बांबूच्या कामट्या, उडदाचं पीठ, अंडं आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एवढाच तिचा दवाखाना. डोळे मिटून दुखऱ्या जागेवर बोटं फिरवायची आणि काय मोडलंय, कुठं मोडलंय ते सांगायची. तिचं चुकल्याचं मला आठवत नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, मिरवणुका निघाल्या. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात यायला विसरला; त्याच्याकडं बहुतेक जुनाच नकाशा असावा. विहिरी आटल्या, कडबा संपला, गुरं छावणीला गेली. पण लातुरात नव्या कचेऱ्या निघाल्या होत्या आणि आमच्याकडची पोरं त्यात शिपाई, कारकून म्हणून लागत होती. कचेरीत नोकरी लागल्यावर एस.टी.नं जाणं म्हणजे कमीपणाच. मग सोलापूरकडून, हैदराबादेकडून जुन्या मोटारसायकली यायला लागल्या. कुणाचा आरसा नव्हता, कुणाचा दिवा. ब्रेक असला तर ती चैन समजायची.

याच वेळी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून लातूरचा रस्ता रुंद करायला काढला. बायांनी उन्हात बसून खडी फोडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिचे ढीग लागले. ते पसरायचा हुकूम जुन्या जिल्ह्यानं द्यायचा की नव्या, हे कुणालाच ठरवता येईना. त्यामुळं ढीग जागेवरच राहिले. वाऱ्यानं आणि गुरांच्या पायांनी पसरेल तेवढीच खडी रस्त्यावर पसरत गेली.

एवढी तयारी झाल्यावर बसलिंगप्पा सिनेमा घेऊन आला. उदगीरकडचा माणूस, त्याची तंबू टाकी होती, म्हणजे गावोगाव फिरणारी टॉकीज. किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत त्यानं तंबू ठोकला आणि एक विनोदी चित्रपट लावला. त्यात नायक, त्याचा जाडा मित्र आणि मित्राच्या काखेत एक कोंबडी, असे तिघं मोटारसायकलवरून जातात. ब्रेक लागत नाही. मग ते देवळाच्या पायऱ्या उतरतात, लग्नाच्या मांडवातून आरपार जातात, बांधावरून उडून कडब्याच्या गंजीत पडतात आणि शेवटी तळ्यात. प्रत्येक वेळी उठतात, केसातला कडबा झटकतात आणि गाणं म्हणतात. लोक हसून हसून लोळायचे. आमच्या तालुक्यात त्या साली ना गंज होती ना तळं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या आठवड्यात कस्तुराबाईकडं चौघं आले. दुसऱ्यात नऊ. त्यात श्रीमंत होता. शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा, एका नव्या कचेरीत शिपाई, अंगावर कायम इस्त्रीचा सदरा. आधी हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडून आला तेव्हा म्हैस आडवी आली म्हणाला. हासळी जुळते न जुळते तोच मनगट घेऊन आला. मी तिथंच बसलो होतो.

"कुठून पडलास?" कस्तुराबाईनं विचारलं.

"पडलो न्हाई मावशी. उडी मारली. बांधावरून."

"कशात?"

"गंजीत."

"औंदा गंज कुणाकडं हाय रं?"

श्रीमंतनं चांगल्या हातानं सदऱ्याची घडी सारखी केली. मग म्हणाला, "परवापर्यंत होती. काकानं छावणीला घातली. मला सांगितलंच न्हाई."

कस्तुराबाईनं मनगट जागेवर आणलं तेव्हा तो ओरडला, एवढाच त्या दिवशीचा त्याचा धडा. पट्टी बांधून झाल्यावर तिनं त्याला विचारलं, हे सगळं कुठं शिकवतात? तो म्हणाला, बसलिंगप्पाच्या तंबूत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाला ती भावजयीला, तारामतीला घेऊन गेली. तोवर तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता. बायकांच्या बाजूला बसली, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मी मधल्या दोरीच्या पलीकडं पुरुषांत होतो. नायक पायऱ्यांवरून गडगडत खाली आला, तंबूत हशा झाला आणि हशा ओसरताना तिचा आवाज आला. मोठ्यानं नाही, जसा ती रोग्याजवळ बोलायची तसा.

"माकडहाड गेलं. वर दोन मणके."

सगळे वळून बघायला लागले. जाडा मित्र मांडवाच्या खांबावर आपटला. ती म्हणाली, "डाव्या बरगड्या तीन. चौथीला तडा." बांधावरून उडाले तेव्हा म्हणाली, "खुबा. ह्यो आता उठत न्हाई." नायक उठला आणि नाचायला लागला. त्याच्याकडं बघून ती तारामतीला म्हणाली की ह्या माणसाला दुखतच नाही, ह्याला काहीतरी मोठा आजार असणार.

त्या दिवशी सिनेमापेक्षा जास्त लोक तिला हसले. तिला वाटलं, समजलं लोकांना. जाताना ती तारामतीजवळ समाधानानं बोलली की आता गर्दी कमी होईल.

गर्दी वाढली, पण तंबूत. बसलिंगप्पा आधी चिडला होता. पण तीन दिवसांत तंबू अपुरा पडायला लागल्यावर त्याचा राग गेला. तो स्वतः आमच्या गल्लीत आला, तिला अक्का म्हणाला आणि रोज यायची विनंती केली. तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली. अख्ख्या तंबूत ती एकच खुर्ची. पाटलांच्या बायका सतरंजीवर आणि कस्तुराबाई खुर्चीवर, असं दृश्य औशानं त्याआधी पाहिलं नव्हतं. ते त्यांना चालून गेलं, कारण ते करमणुकीत मोडत होतं.

ती रोज जायची. तिला खरंच वाटायचं की आपण सांगतोय आणि लोक शिकतायत. नडगी, घोटा, गुडघ्याची वाटी, एकेक नाव ती नीट सांगायची. लोकांना ती नावं पाठ झाली. पोरं चौकात मोटारसायकल आडवी पाडायची आणि एकमेकांना सांगायची, खुबा गेला, बरगड्या तीन. तिच्याकडं रोगी येतच राहिले. फरक एवढाच पडला की आता ते मोडलेल्या हाडाचं नाव आधीच सांगायचे.

मेमधला एक रविवार. टँकरची वाट बघत नाक्यावर घागरींची रांग लागली होती. कस्तुराबाईही होती; तिच्या वस्तीची रांग पलीकडं, वेगळी. पाणी नव्हतं तरी रांगा दोनच होत्या. टँकर आला तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. भीमा ड्रायव्हर खाली उतरून पाइप सोडत होता, तेवढ्यात लातूरकडून श्रीमंतची मोटारसायकल आली. मागं त्याचा मित्र नरसिंग टेलर. नरसिंगच्या दोन्ही हातांत कोंबडी. बाजारातून आणलेली, सिनेमासारखी काखेशी दाबलेली. समोर शंभर बायका आयत्या उभ्या बघून श्रीमंतला राहवलं नसावं. त्यानं हँडलवरचे दोन्ही हात सोडले.

चाक खडीत घुसलं. श्रीमंत ढिगावर पडला, कोपर आणि गुडघे सोलून निघाले. नरसिंगला धरायला हातच मोकळे नव्हते. तो डोक्यावर पडला. कोंबडी तेवढी सुखरूप, ती ओरडत रस्ता ओलांडून गेली. आणि मी खोटं कशाला बोलू, आधी आम्ही हसलो. उठून कपडे झटकेल असं वाटलं. नरसिंग उठला नाही.

कस्तुराबाई घागर ठेवून आली. रांगेतल्या बायकांनी तिला वाट दिली. तिनं नरसिंगच्या मानेखाली हात घातला, डोकं जराही न हलवता कानाजवळ बोट नेलं. कानातून रक्त येत होतं. श्रीमंत लंगडत आला आणि म्हणत राहिला, मावशी बसव, मावशी बसव.

"डोकं बसवता येत न्हाई, श्रीमंता," ती म्हणाली. "हे मव्हं काम न्हाई. ह्याला लातूरला न्या."

गाडी दुसरी नव्हती. भीमा म्हणाला टँकर रिकामा केल्याशिवाय नेता येणार नाही, वरून बोलणी बसतील. रांगेतूनही कुणीतरी म्हणालं, अर्धं पाणी तरी देऊन जा. तेव्हा सकाळपासून पहिल्या नंबरावर बसलेली सरजाबाई उठली आणि तिनं आपली घागर उचलून कडेला नेऊन ठेवली. फळीवर झोपवून नरसिंगला टँकरवर चढवला, मान धरायला कस्तुराबाई शेजारी बसली आणि भरलेला टँकर लातूरकडं परत गेला.

तो सहा वाजता पाणी घेऊन आला. लोकांनी घागरी भरल्या, घरी नेऊन ठेवल्या आणि वेळ झाली म्हणून सिनेमाला गेले.

कस्तुराबाई तीन दिवस लातुरातच होती. चौथ्या दिवशी आली आणि त्याच संध्याकाळी तंबूत गेली. खुर्ची होतीच. नरसिंग जगला होता, एवढं गावाला कळलं होतं. त्यामुळं आता हसायला हरकत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. नायक पायऱ्यांवरून आला, पडला. लोक तिच्याकडं बघत थांबले. ती बोलली नाही. मांडव गेला, बांध गेला. शेवटी पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, "मावशी, काय गेलं?"

ती उभी राहिली. "नरसिंगला काल मी माझं नाव विचारलं," ती म्हणाली. "त्याला येईना. आईचं विचारलं, तेबी येईना. तिथं मी कामट्या कुठं बांधू?"

सवयीनं दहा-बाराजण हसले. मग तेही थांबले. ती पदर सारखा करून निघून गेली आणि गाणं पुढं चालू राहिलं.

बसलिंगप्पाचा पुढचा मुक्काम लोह्याला होता. सामान बांधताना तो तिच्याकडं आला, अक्का तिकडं चला म्हणाला, खुर्ची बरोबर घेतो म्हणाला. लोह्याच्या लोकांनाही हसू येतं, असं त्याचं म्हणणं होतं. तिनं त्याला चहा दिला. त्याला घाई होती म्हणून तो न पिता गेला.

नरसिंगला हळूहळू नावं आठवली. आईचं आधी, श्रीमंतचं सगळ्यात शेवटी. मशीनवर बसायला लागला, पण माप विसरायचा; एक बाही आखूड, कॉलर तिरकी. श्रीमंत त्याला दर महिन्याला लातूरच्या दवाखान्यात न्यायचा, एस.टी.नं. स्वतःसाठी त्यानं सोलापुराहून हेल्मेट मागवलं. औशात ते पहिलंच. भर उन्हाळ्यात ते घालून तो पंचवीसच्या वेगानं कचेरीला जायचा आणि सायकलवाले त्याला मागं टाकून जायचे. त्या काळात आमच्याकडं त्याच्याएवढं लोक कुणालाच हसले नसतील.

पुढं रस्ता झाला, उद्घाटन झालं, डांबर असं गुळगुळीत की पोरं सत्तरनं जायला लागली. हात मोडलेले कमी झाले. जे पडायचे त्यांना थेट लातूरला न्यावं लागायचं, त्यामुळं कस्तुराबाईला निवांतपणा मिळाला. दारात बसून असायची. कुणी नवी मोटारसायकल घेऊन जाताना दिसला की त्याला हाक मारून थांबवायची आणि एवढंच सांगायची, की आधी नरसिंगकडं जाऊन एक सदरा शिवून घे, आणि त्याच्याजवळ बसून शिव. बहुतेकजण हसून पुढं जायचे. दोघा-तिघांनी शिवून घेतले. त्यातला एक मी.