नानांची गैरहजेरी

जैवनीतिशास्त्रात एम.ए. करत होते तेव्हाची गोष्ट. आजही सांगताना माझं डोकं तडकतं, आणि ते नुसतं दुसऱ्यांवर नाही.

जळगावहून धुळ्याला शिकायला आले होते. प्रबंधाचा विषय होता रुग्णाची संमती. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी लोकांचं रक्त तपासलं होतं. तेव्हा त्यांना कुणी नीट विचारलं होतं का, हे घरोघर जाऊन विचारायचं. त्याआधी कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी लागायची. समितीचे सचिव माझेच मार्गदर्शक. बैठकीचं इतिवृत्त मी टाइप करायचे, आणि तेही आदल्या दिवशी. 'सर्वानुमते मंजूर.' बैठकीत उरायचं काय, तर चहा, कचोरी आणि सह्या. तेव्हा याची लाजही वाटत नव्हती.

नियमाप्रमाणे समितीत डॉक्टरांखेरीज सामान्य माणूस हवा. आमच्याकडे दोन होते: एक कापडाचे व्यापारी आणि दुसरे सोनगीरचे नाना, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. माझा विषय होता त्या दिवशी व्यापारी आलेच नाहीत. नाना वेळेआधी आले आणि गावातल्या लोकांची सही घ्यायचं माझं संमतीपत्र ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. बाकीच्यांची कचोरी संपली तेव्हा त्यांचं बोट तळाशी पोचलं. तिथे 'मी संमती देत आहे' एवढंच छापलं होतं.

"पोरी, यामा नई म्हणानी जागा कोठे शे?"

सर हसून म्हणाले, ज्याला नको त्याने सही करू नये, सोपं आहे. नाना म्हणाले, शिकलेली माणसं दारात उभी राहिली की गरीब माणूस सही केल्याशिवाय राहत नाही. नाहीचा एक चौकोन छापा, मग मी सही करतो. दोन वर्षं मी जाडजूड पुस्तकांत जे शोधत होते, ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत सांगितलं होतं. आणि मी खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

नाना गेल्यावर सर म्हणाले, इतिवृत्तात वाद नको, नाहीतर विषय पुढच्या बैठकीवर जाईल आणि तुझं वर्ष बुडेल. नानांना गैरहजर दाखव. व्यापाऱ्यांना हजर दाखव, त्यांची सही दुकानातून आणवतो. मी टाइप केलं. कुणी माझा हात धरून करून घेतलं नव्हतं.

संमतीपत्र होतं तसंच छापलं. एकाही घराने नकार दिला नाही, म्हणून सरांनी माझी पाठ थोपटली. प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली.

परवा धुळ्याच्या स्टँडवर नाना भेटले. पास झाले म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! चहा पाजला, मग जरा ओशाळून म्हणाले,

"त्या दिन मी सही करी नई. तुनं काम आडकनं ते नई ना, पोरी?"

"नाही, नाना," मी म्हणाले. त्या बैठकीला ते आलेच नव्हते, हे त्यांना सांगायला मला अजून तोंड नाही.