खिंडीच्या फोटोपायी

मी बंदराशेजारी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. आठवड्याचे सहा दिवस डोळ्यांसमोर कंटेनरचे नंबर असतात. सातव्या दिवशी सकाळी पनवेलजवळच्या विचुंब्याच्या घरातून स्कूटर काढायची, नेऱ्याच्या रस्त्याने धरणाच्या पुढे जायचं, आणि रस्ता संपला की ती कुणाच्या तरी अंगणात लावून चालायला लागायचं, असं माझं गेली बारा वर्षं चाललंय. किल्ल्यांच्या वाटांवर हल्ली रविवारी रांगा लागतात, म्हणून मी तिकडे फिरकत नाही. गुरांनी पाडलेली एखादी बारीक वाट दिसली की तिला लागतो, आणि ती जिथे नेईल तिथले फोटो काढतो. माणूस नसलेले, लांबवरचे. दऱ्या, कडे, ढगांच्या सावल्या.

बायको कधी बरोबर आली नव्हती. ती पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळपासून दुपारपर्यंत उभी असते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाय वर करून बसायचं, हा तिचा हक्क होता. त्यातून तिला मधुमेह. सकाळी गोळी घ्यायची आणि ठरल्या वेळी खायचं, हे तिचं अगदी काटेकोर असे. पण त्या सप्टेंबरात एका शनिवारी जेवताना ती म्हणाली की उद्या मीही येते, तुम्ही एवढं काय बघता ते एकदा बघू दे. मला आनंद झाला. खरं सांगायचं तर थोडी अडचणही वाटली. दोघं असलो की वेग कमी होतो.

सकाळी तिने पोहे खाल्ले, गोळी घेतली. थालीपिठांचा डबा केला. तो डबा, आणि रक्तातली साखर एकदम उतरली तर लागतात म्हणून साखरेच्या पुड्या आणि चिक्की माझ्या पाठपिशवीत लेन्सच्या शेजारी ठेवली. पाण्याची बाटली तिने स्वतःच्या खांद्याला अडकवली.

चढ ती चांगली चढली. मी मागे वळून बघायचो तर ती दर वेळी हात वर करायची. साडेदहाच्या सुमारास आम्ही वरच्या पठारावर पोचलो. कमरेएवढं गवत, मधे मधे काळे कातळ, आणि उघडलेल्या आकाशात समोर माथेरानच्या कड्यांची लांबलचक भिंत. ती एका कातळावर बसली आणि त्या कड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "इतके दिवस सांगायचं नाही का?"

मला ते ऐकून भरून यायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पठाराच्या पलीकडच्या टोकाला एक खिंड आहे. तिच्यातून खाली धरणाचं पाणी दिसतं, आणि पावसाळा सरताना कधी कधी ढग फाटून ऊन नेमकं त्या पाण्यावर पडतं. त्या फोटोच्या मागे मी तीन वर्षं होतो. त्या दिवशी ढग तसे फाटायला लागले होते.

मी तिला म्हटलं, दहा मिनिटांत येतो, तू इथेच बस. ती म्हणाली, "जा. पण मला दिसाल असे उभे राहा."

मी हो म्हटलं. पिशवी पाठीवर होती, ती तशीच घेऊन गेलो, कारण लांबची लेन्स तिच्यात होती.

खिंडीजवळ गेल्यावर कळलं की पाणी दिसायला थोडं खाली उतरावं लागतं. उतरलो. मग एक झाड मधे येत होतं म्हणून डावीकडे सरकलो. ऊन आलं, गेलं, परत आलं. मी किती फोटो काढले ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की एकदा कॅमेऱ्यातून डोळा काढला तेव्हा समोर काहीच नव्हतं. खालून ढग चढून आला होता आणि खिंड, पाणी, झाड सगळं त्यात गेलं होतं. घड्याळात बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती.

मी वर आलो. पठारावर हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. मला वाटलं सरळ चालत गेलो की कातळ येईल. कातळ आला, पण तो रिकामा होता, आणि जवळ गेल्यावर तो आमचा नाही हे कळलं. दुसरा आला, तोही नाही. मग मी तिला हाका मारायला लागलो. थांबून ऐकायचो. फक्त कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता. एकदा वाटलं तिने उत्तर दिलं, म्हणून त्या दिशेने धावलो, तर काहीच नव्हतं.

फोनला रेंज नव्हती. पाणी प्यावं म्हणून पिशवी उघडली, तेव्हा वरच डबा दिसला. त्याखाली साखरेच्या पुड्या आणि चिक्की. पाणी तिच्याकडे होतं आणि खाणं सगळं माझ्या पाठीवर. तिने पोहे साडेसहाला खाल्ले होते. मी गवतात खाली बसलो.

बसल्यावर डोक्यात आलं की मी चालत आलो त्या वाटेवर फोटो काढत आलो होतो. ते उलटे बघत गेलो तर वाट सापडेल. कॅमेरा सुरू केला आणि एकेक फोटो मागे नेत गेलो. खिंड. खिंड. ऊन. दूरचा कडा. दूरचा सुळका. ढगाची सावली. पाऊण तासात काढलेल्या एकाही फोटोत माझ्या पायाजवळची गोष्ट नव्हती. जे जे टिपलं होतं ते सगळं धुक्याच्या पलीकडे होतं. मी तसाच मागे जात राहिलो आणि एक फोटो चुकून दाबला गेलेला सापडला. निघताना कॅमेरा खाली झुकला असणार. त्यात तिचे दोन पाय होते, कातळाची कड होती आणि कातळात एक गोल खोलगट खड्डा, त्यात साठलेलं पावसाचं पाणी.

तेवढ्या आधारावर मी उठलो. पाण्याच्या आवाजाच्या उजवीकडून आपण आलो होतो, असं स्वतःला समजावलं आणि चालायला लागलो. गवत कमी झालं, पायाखाली दगडगोटे लागले. वाट सापडली असं वाटून मी पाय उचलला.

"थांबा तितंच. फुडं जाऊ नका."

आवाज बाईचा होता आणि मागून आला होता. मी पाय होता तिथेच ठेवला. धुक्यातून एक म्हातारी बाहेर आली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात विळा, काखेत रानभाजीचं गाठोडं. खालच्या ठाकरवाडीतली असावी. तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि एक दगड पुढे टाकला. तो पडल्याचा आवाज खूप उशिरा आला.

"ही वाट नाय," ती म्हणाली. "पानी खाली पडतं ती जागा हाय."

मी तिला बायकोबद्दल सांगितलं. कसं सांगितलं ते माहीत नाही. तिने दोनदा विचारल्यावर तिला कळलं. कुठे बसवलं होतं, असं तिने विचारलं, तर मला कातळ यापलीकडे काही सांगता येईना. शेवटी मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने पायांकडे बघितलंच नाही. खड्ड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली की इथे शेळ्या पाणी पितात. मग ती चालायलाच लागली. मी तिच्या मागे जवळजवळ पळत होतो. धुक्यात तिची प्लास्टिकची खोळ तेवढी दिसत होती.

पाच-सात मिनिटांत ती थांबली. कातळ तोच होता. पाण्याने भरलेला खड्डा होता. तिथे बायको नव्हती. तिची बाटली खाली गवतात आडवी पडली होती.

त्या क्षणाबद्दल मी कुणाशी फारसं बोललेलो नाही. मला दगड पडल्याचा तो उशिरा आलेला आवाज ऐकू येत होता, एवढंच सांगतो.

म्हातारीने वाकून गवत बघितलं. एका बाजूला ते मोडलं होतं. मग तिने विचारलं की तू हाका कुठून मारल्यास. मी खिंडीकडे हात केला. ती म्हणाली की खिंडीच्या बाजूने मारलेली हाक समोरच्या कड्यावर आपटून उलटीकडून येते. तुझी बाई आवाजाकडे गेली असणार, म्हणजे तुझ्यापासून लांब. आणि आता हाका मारू नकोस, असं तिने मला सांगितलं.

मी बाटली उचलली आणि मोडलेल्या गवतावरून आम्ही गेलो. शंभरेक पावलांवर करवंदीच्या जाळीला टेकून बायको बसली होती. चेहरा पांढरा पडला होता, केस घामाने कपाळाला चिकटले होते. मी नाव घेतलं तर तिने माझ्याकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही. काहीतरी बोलली, ते शब्द एकमेकांत अडकत होते.

माझ्याकडून पुडी फुटेना. म्हातारीने ती माझ्या हातातून घेतली आणि दातांनी फोडली. आधी मी बायकोला पाणी पाजून बघितलं, ते तिने गिळलं. मग बाटलीच्या झाकणात साखर विरघळवून थोडं थोडं देत गेलो. म्हातारी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. एक पुडी, दुसरी, तिसरी. मी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होतो आणि काटा हलत नव्हता.

हळूहळू बायकोच्या नजरेत ओळख परत आली. आधी तिने म्हातारीकडे बघितलं, मग पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "किती वाजले?"

मी सांगितलं. तिने डबा मागितला, स्वतः उघडला, एक थालीपीठ म्हातारीच्या हातावर ठेवलं आणि दुसरं सावकाश चावून खाल्लं. मला दिलं नाही. मी मागितलंही नाही.

उतरताना म्हातारी पुढे, बायको तिच्या खांद्यावर हात ठेवून मधे आणि मी मागे. वाडीत तिच्या घरी आम्हाला गुळाचा कोरा चहा मिळाला. दोघी बोलत बसल्या. म्हातारीचे गुडघे, बायकोचे गुडघे, सुनेचं बाळंतपण. मी ओट्यावर बसलो होतो. म्हातारी बाहेर आली, माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "डोंगार कुटं जात नाय, दादा. मानूस जातो."

घरी आल्यावर मी माफी मागायचं ठरवलं होतं. वाक्यं जुळवली होती. तिने ती ऐकून घेतली नाही. म्हणाली, "मी बसले होते तेव्हा भीती वाटत नव्हती. तुमचा आवाज यायला लागला आणि तुम्ही दिसेनात, तेव्हा वाटायला लागली." एवढं बोलून ती आत गेली. पुढचे दोन दिवस कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने फोटो दाखवा म्हटलं. मी टाळत होतो. ती म्हणाली, दाखवा. कॉम्प्युटरवर लावले. खिंडीतला फोटो आला. तो खरोखर जमला होता. दोन्ही बाजूंना काळा कडा, खाली पाणी आणि पाण्याच्या मधोमध उन्हाचा एक पट्टा. फोटोखाली वेळ होती. अकरा वाजून चार मिनिटं. त्या वेळी ती कातळावर बसून वाट बघत होती.

"छान आलाय," ती म्हणाली आणि गॅसवर काहीतरी होतं ते बघायला गेली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही. पुसलाही नाही.

मी दीड महिना कुठे गेलो नाही. रविवारी घरातच बसायचो आणि दोघांनाही त्याचा त्रास व्हायचा. दिवाळी झाल्यावर तीच म्हणाली की वाडीत जाऊन यायचंय. तिने पिशवी भरली. फराळ, एक जाडसर शाल, आणि शुगर तपासायचं आपलं मशीन. म्हातारीला हल्ली चक्कर येते असं तिने त्या दिवशी चहा पिताना ऐकलं होतं.

आम्ही गेलो. म्हातारीच्या ओट्यावर तिने मशीन उघडलं. म्हातारीने बोट पुढे केलं, मग सुनेने, मग शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी. लॅबमध्ये बोलते तसं ती प्रत्येकीला म्हणत होती, मुंगी चावल्यासारखं होईल. म्हातारीचा आकडा बरा निघाला. शेजारच्या एकीचा फार वाढलेला निघाला, तिला तालुक्याच्या दवाखान्यात कधी आणि कसं जायचं ते बायकोने दोनदा समजावून सांगितलं. वर पठारावर जायचा विषय कुणी काढला नाही. बायको त्यानंतर कधी वर गेलेली नाही आणि मी तिला विचारलेलं नाही.

परत येताना धरणाशी ऊन तिरपं झालं होतं. पाण्यावर बगळे उतरत होते. माझ्या नकळत स्कूटरचा वेग कमी झाला असावा.

"काढायचाय का?" तिने मागून विचारलं.

मी म्हटलं, नको.

"थांबवा," ती म्हणाली. मी थांबवली. ती उतरली, रस्त्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि हात पुढे केला. "चावी इकडे द्या. पिशवी पण."

मी दोन्ही दिल्या. साखरेच्या पुड्या त्या पिशवीतच होत्या. मग फक्त कॅमेरा घेऊन दहा पावलं पुढे गेलो आणि चार फोटो काढले. प्रत्येक फोटोनंतर मागे वळून बघितलं. ती चावी बोटात अडकवून माझ्याकडेच बघत होती.