अंगठा आणि अपोकातास्तासिस

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो आणि निरगुडसरला घरी बसलो. माझा एक वर्गमित्र जुन्नरला चर्चमध्ये पाळक आहे. बायबलमधल्या ग्रीक शब्दांची तो मराठी पुस्तिका करत होता, आणि अडलं की मला फोन. एकदा त्यानं ‘अपोकातास्तासिस’ धाडला. देव शेवटी सगळं पूर्ववत करील, असं जिथं म्हटलंय तिथला हा शब्द. मी ‘पुनःस्थापना’ सुचवलं.

“अरे, हे गणपतीचं वाटतं. बोलीतलं दे काहीतरी.”

कोश काढायला स्टुलावर चढलो आणि कोशासकट खाली आलो. डाव्या हाताचा अंगठा भलतीकडेच बघायला लागला. बायकोनं स्कूटरवर मागं बसवून अवसरी बुद्रुकला नेलं, हाडं बसवणाऱ्या एका आजींकडे.

आजींनी अंगठा हातात घेतला. “पावणं, करता काय तुमी?”

“शब्दांचे अर्थ लावतो.”

“एखांदा सांगा की.”

श्रोता मिळाल्यावर मला काय! “अपो म्हणजे परत. कातास्तासिस म्हणजे नीट बसवणं. त्यातला ‘स्ता’ म्हणजे आपल्या ‘स्थापना’मधल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. येशूनं एकाचा वाळलेला हात बरा केला, तिथंही ह्याच शब्दाचं...”

कट्!

मी जी बोंब ठोकली तिचा धातू कुठल्याच भाषेत सापडणार नाही.

“आलं जाग्यावर,” आजी म्हणाल्या. “शब्द लई लांब व्हता, बरं झालं. येळ गावला.”

बायको तोंड फिरवून हसत होती.

मी तिथूनच मित्राला फोन लावला. “मिळाला शब्द! जाग्यावर येणं!” त्याला तो इतका पटला की पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेब स्वतःचा गुडघा घेऊन अवसरीत हजर. मीही गेलो, मजा बघायला. आजींनी गुडघा चाचपला. हा डोळे घट्ट मिटून ‘कट्’ची वाट बघत बसलेला.

“हाड सरकल्यालं न्हाई, झिजलंय. आता नाय यायचं जाग्यावर.”

“पण सगळंच येणार असं लिहिलंय ना?” मी हळूच विचारलं.

त्यानं एक डोळा उघडला. “तू गप्प बस.”

आजींनी चोळायला तेल दिलं. गाडीपर्यंत जाताना तो मुद्दाम सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून चालला.