सनीचा हॉट डॉग आणि चंदरच्या मिशा

दुपारच्या सुट्टीत चंदरच्या मिसळीच्या गाडीभोवती पाय ठेवायला जागा नसायची, आणि तीच त्याची श्रीमंती. पेठ तालुक्यातल्या डोंगरातून बांधकामावर मजुरीला आलेला हा माणूस नाशिक रोडला टिकला, गाडी टाकली, आणि जवळच्या नोटांच्या छापखान्यातल्या कामगारांनी त्याला चंदरशेठ करून टाकलं. शेठपण अंगात मुरायला वेळ लागत नाही. पेठचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

दोन हजार साल उजाडलं आणि समोरच्या वळणावर सनीनं हॉट डॉगची गाडी लावली. सनी जवळच्या कॉलनीतल्या मास्तरांचा पोरगा, गोड बोलणारा. लांबुळका पाव मधोमध चिरायचा, तव्यावर लोण्यात परतायचा, आत बटाट्याचं कटलेट, कांदा नि कसलीशी चटणी कोंबायचा. झालं! त्यावर माणसं तुटून पडायची.

"ह्याला काय अक्कल लागती?" चंदर बायकोला म्हणायचा. भागीबाई मुकाट ताटल्या विसळायची. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड होतोय आणि हिला त्याचं काहीच नाही, याचाही त्याला राग यायचा.

सगळ्यात वर्मी लागलं ते देवरामचं. गाडी सुरू झाली त्या दिवसापासूनचं हे गिऱ्हाईक. एका दुपारी चंदरनं पाहिलं, तर देवराम सनीच्या गाडीपाशी उभा राहून बोटं चाटत होता. इतक्या वर्षांत मिसळ खाऊन त्यानं एकदाही बोटं चाटली नव्हती. चंदर जळला, अगदी सरळसोट जळला. त्या दिवशी रश्श्यात मीठही जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्यानं पळी भागीबाईच्या हातात दिली. "पोटात दुखतंय. घरी जाऊन येतो."

"दुखणारच," ती म्हणाली.

तो मागच्या गल्लीतून वळसा घालून, तोंडाला रुमाल बांधून सनीच्या गाडीशी पोचला. पण हॉट डॉग खायचा तर रुमाल काढावाच लागतो.

"काका, तुम्ही?" सनीला खराच आनंद झाला. "तुमच्यासाठी लोणी जास्त घालतो."

शेजारी देवराम होताच. "काय चंदरशेठ, मिसळीचा कंटाळा आला का?"

चंदरनं मान खाली घालून घास घेतला. पाव बरा, कटलेट सपक. त्याला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात दाताखाली अर्धा दाणा कचकन फुटला. जरा जास्तच भाजलेली खुरासणी, म्हणजे डोंगरातले काळे कारळे, सुका लसूण, जाडं मीठ. उखळात अशी अर्धवट कुटून ठेवणारा हात साऱ्या नाशकात एकच होता, आणि त्याच हाताचं चंदर रोज दोन वेळ खात होता.

"चटणी कुठली रे?" त्यानं विचारलं.

"एक मावशी देतात. नाव सांगू नको म्हणाल्यात." सनीनं बोटाला लागलेली चटणी चाटली. "खरं सांगू काका, लोक येतात ते हिच्यासाठीच. माझं काय, पाव नि बटाटा!"

चंदर तरातरा परत आला. गिऱ्हाईक पळाल्याचं आता त्याला काहीच वाटत नव्हतं. त्याहून मोठा काटा रुतला होता.

भागीबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर पुढं केला. "मिशा पुसा. काळी खुरासणी लागलीय."

"माझ्या घरची चटणी त्याच्या गाडीवर?"

"तुमच्याच गाडीवर ठेवायची व्हती मला. तुमी काय म्हनला? शहरात ह्ये डोंगराचं खानं नगं, लोक हसतील."

चंदरला ते आठवलं. वाटी त्यानं हातानं मागं सारली होती.

"मंग सनीला दिली. बोटभर चाखली त्यानं, नि म्हनला, मावशी, असली चटणी मी जल्मात खाल्ली नाय." ती हसली. असं हसताना चंदरनं तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू आणलं होतं समोरच्या पोरानं. "तुमी लगीन झाल्यापासून खाताय. कंदी बोललात?"

चंदर रश्श्यात उगाच पळी फिरवत राहिला. मोठ्या कष्टानं म्हणाला, "चांगली असती तुझी चटणी."

भागीबाईनं पुढची ताटली विसळायला घेतली.

"सांगितलंय मला सनीनं," ती म्हणाली.