घाणेरीवरची तूती

बाबांना झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतं करा त्यांना, जसं जमेल तसं. उशीर करू नका."

बाबा रेल्वेत कारकून होते, पण आमच्या तारनाका वस्तीत त्यांना लोक ओळखायचे ते पाखरांच्या वेडापायी. आमच्या खिडकीसमोर भिंतीलगत घाणेरी माजली आहे. तिच्या फळांवर हिवाळ्यात तूती नावाची पाखरं येतात, पार हिमालयाकडून. नर डोक्याला-छातीला लाल, तो कुणीही ओळखेल. मादी मात्र भुरी, थेट चिमणीसारखी. तिला कुणी चिमणी म्हटलं की बाबांचं डोकं फिरलंच! "डोळे आहेत का बटणं? चोच बघ केवढी जाड! छातीवर रेघा बघ! आणि चिमणी अशी गप बसून खाते का गं कधी?" या एका चुकीपायी मी लहानपणी धपाटे खाल्लेत.

म्हणून ठरवलं, त्यांना चिडवायचंच. रोज सकाळी पलंग खिडकीशी ओढायचा आणि बोट दाखवून म्हणायचं, "बाबा, चिमणी!" आई म्हणायची, "कशाला छळतेस त्यांना?" पण मला दुसरं काही सुचतच नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ऊन तापलं तसा थवा रोडावला. उन्हाळ्यात तूती परत जातात. त्या गेल्यावर मी काय करणार होते, डोंबल? मी बाबांवर ओरडायला लागले. "म्हणा ना, 'गधडे, ती चिमणी नाही!' एक शिवी तरी द्या!" शेजारच्या खाला भिंतीपलीकडून म्हणाल्या, "नक्को बेटा, इत्ता नक्को." मी त्यांच्यावरही खेकसले.

एप्रिलात एक दिवस एकच मादी फळं चावत बसली होती. मी पार थकले होते. सवयीनं म्हटलं, "चिमणी, बाबा."

त्यांनी मान वळवली. तिच्याकडे बराच वेळ नीट पाहिलं. ओठ हलले.

"हौ," बाबा म्हणाले. "चिमणी."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बोलले! अगं बाई, बोलले ते!" रडतरडत ती माझ्या गळ्यात पडली, मग खालांना हाका मारत साखरेचा डबा घेऊन सुटली. बाबा हरखून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चिमणी, चिमणी." मला हंबरडा फोडावासा वाटला. आईला मी काहीच सांगितलं नाही. बाबांचा हात धरून बसले आणि म्हणत राहिले, "हो बाबा, चिमणीच."