वळणावरचा मैलकुली

केरबा बांधकाम खात्यात मैलकुली होता. उमरीकडे जाणाऱ्या रस्त्याचा तीन मैलांचा तुकडा तीस वर्षं त्याच्या हवाली. निवृत्तीला नऊ वर्षं होऊन गेली, तरी गडी त्याला 'माझा रस्ता'च म्हणायचा. लोक हसायचे. हसोत बापडे. त्याच्या काळात त्या रस्त्यावर कुणाची सायकलसुद्धा घसरली नव्हती.

मग गावाशेजारच्या टेकडीवर दगडाची खाण आली. टिपरच्या चाकांना चिकटलेली काळी माती गावाबाहेरच्या वळणावर गळायला लागली. धुळीची ओरड झाली, तर कंपनीनं रोज टँकरनं पाणी मारायला सुरुवात केली. धूळ बसली आणि भर उन्हाळ्यात घोटाभर चिखल झाला. एवढी अक्कल चालवायला कंपनीनं शिकलेला मॅनेजर ठेवला होता. केरबा त्याच्याकडे चारदा जाऊन आला. "मामा, पाणी मारायचा नियमच हाय," एवढं ऐकून परतला.

केरबाची बायको कोंडाबाई, तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवारी आणि गुरुवारी नांदेडला डायलिसिस. एक खेप चुकली की तोंड सुजायचं, आडवं पडलं की दम कोंडायचा. गेल्या गुरुवारी तिला उमरी स्टेशनावरून आणताना ऑटो वळणावर आडवा झाला. कुणाला लागलं नाही, पण ऑटोवाल्या वीरभद्रनं हातच जोडले.

"केरबामामा, मला बी लेकरं हायती. वळण साफ असलं तरच येतो, न्हाई तर न्हाई."

म्हणून सोमवारी उजाडताच एकोणसत्तर वर्षांचा केरबा फावडं-घमेलं घेऊन वळणावर गेला. मैलकुलीचा कायदा असा की फावड्याला हात लावण्याआधी दोन्ही टोकांना लाल झेंडा रोवायचा आणि काम संपल्याशिवाय काढायचा नाही. त्यानं काठ्यांना लाल फडकी बांधून रोवली. टिपर थांबले. एकामागे एक पाच उभे राहिले, हॉर्न वाजवत बसले. केरबाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकलं होतं. ऑटोपुरती वाट कधीच मोकळी झाली होती, पण अर्धं काम सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. कडेची नाली उकरून, डांबर दिसेस्तोवर खरडून मगच त्यानं झेंडे काढले.

घरी आला तर कोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात बसलेली, मांडीवर दवाखान्याची पिशवी. "आवो, वीरभद्र कवा येऊन राहिला?"

केरबानं फोन लावला.

"येऊन गेलो की मामा! लाल झेंडा, टिपरची रांग. मला वाटलं रस्ता बंद केला. लई फोन लावले, तुम्ही उचलंनात."

फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा काम संपेस्तोवर वळणावरच्या बाभळीला टांगलेला. वीरभद्रनं तोवर धर्माबादचं भाडं घेतलं होतं. "मामीला कसं बी उमरीला पोचवा, गाडीत बसवा. संध्याकाळी आणायला मी येतो, आईशप्पत. वळण तेवढं बघा."

चूक केरबाची होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. मग त्यानं बायकोला धरून वळणावर नेलं आणि येणाऱ्या टिपरसमोर तो आडवा उभा राहिला. "बाबा, पाया पडतो, हिला उमरी टेसनाला सोड." ड्रायव्हर भला निघाला, पण केबिनमध्ये जागा एकाचीच. कोंडाबाई एकटी नांदेडला कधी गेली नव्हती. खालून ढकलून, वरून ओढून तिला चढवलं, तेव्हा ती गुरासारखी कण्हली. तिनं मागं वळून पाहिलं.

टिपर हलला. चाकांवरची ढेकळं खरडलेल्या डांबरावर पडत गेली. मागून पाण्याचा टँकर येत होता. केरबानं कडेला ठेवलेली झेंड्याची काठी उचलली, झेंडा रोवायला गेला आणि थांबला. टिपर दिवसभर चालणार, म्हणजे काम संपायचं नाही आणि झेंडा निघायचा नाही. संध्याकाळी वीरभद्र येणार होता. तो झेंडा बघून पुन्हा माघारी फिरला तर? केरबा काठी घेऊन रस्त्याच्या कडेला झाला आणि टँकरला वाट दिली.