एरिया कोणता?

"कमोशन?" वृत्तसंपादकांनी माझ्या बातमीची कॉपी वर धरली आणि सगळ्या डेस्कला ऐकू जाईल असं विचारलं. "बस्तीत कमोशन होत नाही, मॅडम. बस्तीत रायट होतो."

डेस्क हसला.

नागपुरातल्या एका इंग्रजी दैनिकात मी उपसंपादक होते. बातमी आमच्याच बस्तीची होती. उत्तर नागपूर, विहाराच्या मागची गल्ली. पाण्याचा टँकर येणं बंद झालं होतं, म्हणून बायका रिकामे ड्रम घेऊन रस्त्यावर बसल्या. पोलिसांनी ड्रम ओढले. ढकलाढकली झाली. दगड कोणी उचलला नाही. मी तिथे उभी होते, म्हणून लिहिलं, कमोशन. गोंधळ.

आमच्या डेस्कवर एक रीत होती. गर्दीची बातमी आली की आधी विचारायचं, एरिया कोणता? मग शब्द ठरायचा. त्याच आठवड्यात पश्चिम नागपुरातल्या एका लग्नाच्या लॉनबाहेर पार्किंगवरून वऱ्हाडी भिडले होते. गाड्यांच्या काचा फुटल्या, हवालदाराला मार बसला. आम्ही छापलं, कन्फ्यूजन.

मी हे बोलून दाखवलं.

"तुमच्या लोकांची बातमी आहे म्हणून टोचतंय," ते म्हणाले. "कोट्यातून सीट मिळते. इंग्रजी नाही मिळत."

त्यांनी माझा शब्द काढला. पहिल्या पानावर छापून आलं, रायट. दंगल.

सकाळी बस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. फौजदाराच्या मोबाइलवर आमचं पहिलं पान होतं. रस्त्यावर सगळ्यात पुढे बसलेल्या कौसल्यामावशी आमच्या शेजारच्या. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून घेऊन गेले. बाकी दारं आतून बंद झाली. नळावर कोणी नाही, ओट्यावर कोणी नाही. गाडी हलली नाही.

आई म्हणाली, "काय लिवलं वं तुमच्या पेपरात? पाणी मांगाले बसलो व्हतो आमी. कौसल्येले काहून नेलं?"

"आई, तो शब्द माझा नाही."

"पेपर तर तुहाच हाय ना?"

मी ऑफिसला गेले. वृत्तसंपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ होता. खुर्ची दिली. समोर स्क्रीनवर रस्त्याचा व्हिडिओ चालू होता.

"मॉबमधल्या बायका कोण कोण आहेत, तुला माहीत असणार. नावं दे. फॉलोअप तुझ्या नावाने, बायलाइन देऊन लावतो."

मी व्हिडिओ पाहिला. कौसल्यामावशींच्या मागे पालथ्या बादलीवर आई बसली होती. पदर डोक्यावर, उन्हामुळे डोळे बारीक. तिच्या आजूबाजूची प्रत्येक बाई मला नावाने माहीत होती. ज्याला हे मॉब म्हणत होते, ती हीच बाई, हीच बादली. नाव दिलं की उद्या गाडी आमच्या दाराशी.

"नावं देणार नाही," मी म्हणाले. "रायट झालेला नाही. दुरुस्ती छापा."

"नाहीतर?"

"नाहीतर ठाण्यात जाऊन मी साक्ष देईन."

त्यांनी व्हिडिओ थांबवला. कडेला, विजेच्या खांबाजवळ मी होते.

"विचार कर. मॉबमध्ये तूही दिसतेस."

"दिसते. मी तिथे होते."

ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. डेस्कसमोरून चालत बाहेर आले. तेव्हा कोणी हसलं नाही.

ठाण्यात हवालदाराने कागद पुढे ओढला. "दंगलीच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"दंगल झाली नाही. बायका पाणी मागायला बसल्या होत्या. असं लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "राहता कुठे? एरिया कोणता?"

मी बस्तीचं नाव सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

दुरुस्ती छापून आली नाही. कौसल्यामावशी अजून सुटलेल्या नाहीत. गाडी कोपऱ्यावर उभी असते. माझा जबाब अजून लिहून घेतलेला नाही. मी रोज ठाण्यात जाते, त्याच बाकावर बसते. हवालदार विचारतो, दंगलीच्या वेळी कुठे होता. मी सांगते, दंगल झाली नाही.

तो लिहून घेईपर्यंत मी जात राहणार आहे.